मागच्या खोल्यांची नवी भाडेकरू

घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा आमचे जावई जेवता जेवता एवढंच म्हणाले, "बाबा, भाड्याचे आणि घरचे पैसे कधी एकत्र करू नका. पुढे निस्तरताना नाकी नऊ येतील." जावई करसल्लागार आहेत. मुलगी दिल्यापासून आमच्याकडे सल्ल्याची टंचाई नाही.

मी निवृत्त माणूस. कुणी हातात नियम दिला की बरं वाटतं. बँकेत भाड्याचं वेगळं खातं उघडलं. मागच्या खोल्यांचा खर्च त्यातून, पुढच्या खोल्यांतला आमचा संसार माझ्या पेन्शनवर. हिच्या शिवणाच्या पैशांना मी हात लावत नसे, तोही नियमच.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी एक मुलगी राहायला आली. करार मीच लिहिला. पाणी फार वापरलं जाईल या धास्तीने त्यात कलम घातलं : खोल्यांत एकाच व्यक्तीने राहावे.

खात्यात पैसे साचले आणि मागच्या खोल्यांचं नशीब फळफळलं. नवा गीझर आला, जाळीच्या खिडक्या आल्या, फरशी बदलली. इकडे आमचा गीझर बंद पडला, छताला ओल आली. ही गुडघे शेकायला गॅसवर पातेलं चढवायची आणि भिंतीला धरधरून ते न्हाणीघरात न्यायची.

"अहो, त्या खात्यातून आपल्याला गीझर घ्या ना."

"ते पैसे मागचे."

"मागचे म्हणजे कुणाचे?"

"आपलेच. पण मागचे."

हिने पातेलं खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मी जावयांना फोन केला. निदान उसने घेता येतील का? "घ्या की," ते म्हणाले, "स्वतःला कर्ज दिल्याचा कागद करा आणि व्याज लावा." मला व्याज परवडेना.

मग त्या मुलीची बदली झाली. आपणच मागे राहायला जाऊ, म्हणून मी पुन्हा फोन लावला.

"बाबा, मालकच राहायला लागला की ते भाड्याचं घर उरत नाही. मागचे सगळे हिशेब उकरावे लागतील."

हिने फोन माझ्या हातातून घेतला. "आणि मी राहिले तर? घर यांच्या एकट्याच्या नावावर आहे. भाडं मी शिवणातून देईन."

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. "आई, तुमचं चालेल."

हिने डिपॉझिट मोजून दिलं, सही केली. मी आनंदाने माझी गादी गुंडाळायला घेतली. हिने करारातल्या त्या कलमावर बोट ठेवलं.

"अगं, ते परक्यांसाठी होतं."

"डिपॉझिट घेताना मी कोण होते?"

मी गादी पुढच्या खोलीत परत पसरली.

आता संध्याकाळी मी मागे चहाला जातो. बेल वाजवतो. ही दार उघडायला येते, भिंतीला न धरता. ते बघून बरं वाटतं आणि बरं वाटल्याचा रागही येतो. काल मी खिशात पेन घेऊनच गेलो.

"आपण ते कलम खोडू या का?"

"करार वर्षाचा आहे. मधे बदलायचा तर दोघांची सही लागते. तुम्हीच लिहिलंय."

"माझी तयार आहे."

"माझं बघते." तिने माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला. "थोडा वेळ द्या. या घरात मला पहिल्यांदाच कुणी सही मागतंय."

"पण किती वेळ?"

"पेन ठेवून जा."

मी पेन ठेवलं आणि निघालो. पुढच्या दाराशी यायला अख्ख्या घराला वळसा घालावा लागतो. मधलं दार आम्ही वेगळेपणासाठी विटा लावून बुजवलं आहे. काम पक्कं झालंय. खर्च भाड्याच्या खात्यातून.