पाळणाघराहून स्वस्त

पाळणाघर परवडत नाही म्हणून माणूस लग्न करतो, असं कुणी सांगितलं असतं तर जितेंद्रने त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, साडेतीन वर्षांच्या तन्वीला स्कूटरवर पुढे उभी करून भोपाळच्या अवधपुरी भागातून चार इमलीकडे निघाला होता, तो त्याच हिशेबाने. तन्वीची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. दुःख करायला त्याला अजून सवड मिळाली नव्हती.

कारखान्यातली त्याची नोकरी ठेकेदाराकडची. सकाळी आठला गेटच्या आत, बाहेर पडायला सात. पाळणाघर सहाला बंद. वरच्या तासाचे पाळणाघरवाल्या काकू वेगळे पैसे घ्यायच्या, ते वाढत वाढत गेले आणि गेल्या आठवड्यात त्यांनी गोड आवाजात सांगितलं की पुढच्या महिन्यापासून तन्वीला ठेवता येणार नाही. दुसरीकडे चौकशी केली तर त्यांनी निम्मा पगार मागितला. नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि मुलीला नागपूरला बहिणीकडे पाठवावं तर राबायचं कुणासाठी?

बहीण, विजयाताई, तशीही ठेवून घ्यायला तयार नव्हती. उपाय मात्र तिने फोनवर लगेच काढला. "अरे जितू, लग्न कर. बाई ठेवशील ती पगार घेईल, सुट्ट्या घेईल. बायको काय घेते?" स्थळही तिनेच शोधलं. मृणाल, घटस्फोटित, भोपाळमध्येच भावाकडे राहते, स्वभावाने गरीब. सहा वर्षांची मुलगी आहे, शमिका.

"दोन मुलं मला झेपायची नाहीत, ताई," जितेंद्र म्हणाला होता. एवढंच म्हणाला होता. त्या बोलण्याची अट कधी झाली आणि ती त्या भावापर्यंत कशी पोचली, हे विचारायला तो गेला नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. असते हो, चांगली असते. सोयीपुरती गप्प बसते.

मृणालचा भाऊ अंबरीश सरकारी कारकून, साहेबांच्या बंगल्यामागच्या क्वार्टरमध्ये राहणारा. चहा यायच्या आधीच त्याने विषय मिटवला. "देखिए जितेंद्रजी, सरळ बोलतो. शमिका आमच्याकडेच राहील. तिचं स्कूल इथून जवळ पडतं. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

शाळा अवधपुरीतही होत्या. ते दोघांनाही ठाऊक होतं.

मृणाल पोहे घेऊन आली. बशा ठेवल्या आणि बसता बसता तन्वीकडे बघत तिने विचारलं, "ही रात्री उठते का?"

"दोनदा."

"दूध?"

"अजून बाटलीनेच. सोडवायला वेळच झाला नाही."

"औषध ओकून टाकते?"

त्याचा पगार, त्याची पहिली बायको, त्याचा स्वभाव, कशाबद्दल म्हणून तिने विचारलं नाही. नव्या कामाची माहिती करून घ्यावी तशी विचारत होती, आणि कामच तर होतं ते. परक्याला बोट लावू न देणारी तन्वी दहा मिनिटांत तिच्या खांद्यावर झोपली. जितेंद्रला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

"तुम्हाला आणखी काही विचारायचं आहे?" तो म्हणाला.

"शमिकाला भेटायला कधी येता येईल?"

"केव्हाही," असं तो म्हणणारच होता. पण अंबरीश मध्येच बोलला, "सुरुवातीला नको. उगाच रडारड." जितेंद्रने मान डोलावली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तो लहानपणापासून हसत ऐकत आला होता. आता हसू येईना.

निघताना मृणालने झोपलेली तन्वी त्याच्या खांद्यावर दिली. शमिका एकटीच त्याच्यामागे फाटकापर्यंत आली. दोन घट्ट वेण्या, हातात तन्वीची राहिलेली टोपी. टोपी देऊन तिने विचारलं, "काका, आई तुमच्याकडे नोकरीला येणार ना?"

"कोण म्हणालं?"

"मामा. बेबीला सांभाळायची नोकरी." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्याकडे छुट्टी किती वाजता होते?"

खरं सांगायचं धैर्य त्याच्यात नव्हतं, आणि धड खोटंही सुचेना. "उशीर होतो गं," तो म्हणाला.

"चालेल. मी जागी राहीन."

तो स्कूटरपाशी पोचला तोच खिशातला फोन वाजला. विजयाताई होती. "काय रे, पसंत आहे का?"

शमिका अजून फाटकातच उभी होती. त्याने तिच्याकडे पाठ केली.

"आहे," तो म्हणाला. "तारीख याच महिन्यातली धर."