लाल कागदाची सहा वर्षं

कपाट उघडून तिने निळ्या लिटमसची सगळी पाकिटं टेबलावर उपडी केली. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं. खालचा खण मात्र लाल कागदाच्या रिकाम्या पाकिटांनी गच्च भरला होता.

सहा वर्षं काका रोज सकाळी कारखान्याच्या सांडपाण्यात कागद बुडवत, वहीत 'रंग बदलला नाही' असं लिहीत, आणि प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून ती त्या नोंदीखाली डोळे मिटून सही करी. काका म्हणजे इथले सगळ्यात जुने मदतनीस. ती नवखी होती तेव्हा पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्यावर शंका घ्यायची, तर आधी स्वतःच्या हातावर घ्यावी लागली असती. आता नाल्यावर कपडे धुणाऱ्या बायकांच्या हातांची सालं निघत होती आणि उद्या सरकारी तपासणी होती. "आपली लिटमस टेस्टच म्हणा की!" मॅनेजरसाहेब सकाळी हसत म्हणाले होते.

काका आले आणि टेबल बघून दारातच थबकले.

"काका, आम्लात निळा कागद लाल होतो, पण लाल कागद लालच राहतो."

"राहतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, बाळ. रंग बदलला नाही, तेच लिहिलं."

"निळा का नाही वापरलात?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "साहेबांनी माझ्या मुलीला ऑफिसात घेतलं ना, तेव्हाच म्हणाले होते, निळ्याची काही गरज नाही."

"आणि उद्या काय सांगणार?"

"जबाब कालच लिहून दिला. 'कोणता कागद वापरायचा, ते प्रयोगशाळेच्या मॅडम ठरवतात', असा." मग ते हळूच म्हणाले, "तुझ्याकडे डिग्री आहे, तुला कुठेही नोकरी मिळेल. मला या वयात कोण दारात उभं करणार?"

केसाने गळा कापत होते, आणि आवाज मात्र तोच, मायेचा. तिचे कान संतापाने तापले.

तिने कोरा कागद ओढला. 'वहीतल्या सगळ्या सह्या माझ्या आहेत. मी त्या न तपासता केल्या.'

काकांनी वाकून वाचलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. "शहाणी गं माझी पोर," ते म्हणाले.

तिने पुढची ओळ सुरू केली. 'रोज कागद बुडवणाऱ्याचे नाव' एवढं लिहून पेन थांबलं. सहा वर्षं दोघांनी याच टेबलावर डबा खाल्ला होता.

"काका," मान वर न करता तिने विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय?"