डब्यातली बाई

पुठ्ठ्याची खोकी कापणाऱ्या प्रेसच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी धाकटी जाऊ. मधे मशीन भिंतीसारखं उभं, ती मला दिसतसुद्धा नाही. म्हणून इतकी वर्षं आमची एकच रीत. मी ओरडायचं, ‘हात काढा’. तिकडून ती ओरडणार, ‘काढले’. मगच मी बटण दाबणार. तिची बोटं शाबूत आहेत ती या ओरडण्यामुळे.

नव्या साहेबांना हे गावंढळ वाटलं. परदेशी गिऱ्हाईक येणार, त्यांच्यापुढे शोभा नको म्हणे. त्यांनी भिंतीवर एक डबा लावला. त्यातून एक बाई गोड आवाजात इंग्रजी बोलते. ती बोलली की बटण दाबायचं, आपण तोंड उघडायचं नाही. जावेला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, निदान त्या बाईला आपल्या भाषेत तरी बोलू द्या. तर म्हणाले, जगाबरोबर चालायला शिका. आणि हेच साहेब फोनवर स्वतःच्या आईशी अगदी आमच्यासारखं बोलतात, या कानांनी ऐकलंय मी. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पाहुणे आले. डब्यातली बाई बोलली. मी हात बांधून उभी राहिले. साहेबांनी डोळे वटारले. बाई पुन्हा बोलली, मी ढिम्म. मग ते दातओठ खात जवळ आले आणि हळूच म्हणाले, बटण दाब, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

"त्या बाईला विचारा," मी म्हटलं, "माझ्या जावेने हात काढलाय का. ती हो म्हणाली की दाबते."

डबा गप्प. तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला, "दाबू नका हो जाऊबाई. पुठ्ठा अडकलाय, हात आतच आहे माझा."

साहेब पांढरेफटक पडले. मला काडीची दया आली नाही, माझं डोकं नुसतं भणभणत होतं. पाहुण्यांना तिथेच सोडून ते मशीनला वळसा घालून पलीकडे गेले. खुडबुड ऐकू आली, पुठ्ठा ओढल्याचा आवाज आला. मग ते काहीतरी पुटपुटले. आपल्याच भाषेत असावं.

मी बटणाला हात लावला नाही.

"मोठ्याने ओरडा, साहेब," मी म्हटलं. "इकडे ऐकू आलं पाहिजे."