सूर्यभानकाकांची घोटाई

झडीचा तिसरा दिवस होता आणि आमच्या मायझाडाजवळची जमीन फाटत होती.

मायझाड म्हणजे आमच्या शेंदूरजनाघाटच्या नर्सरीतलं सगळ्यात जुनं संत्र्याचं झाड. बाबा त्याच्याच फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, काढतात आणि जंबेरीच्या, म्हणजे जंगली लिंबाच्या, रोपांवर भरतात, म्हणजे आमची एकूणएक कलमं त्याची लेकरं. बाकीची जुनी झाडं रोगानं गेली. हे एकटं उरलं, तेही नाल्याच्या काठावर. आणि नाला दर पावसाळ्यात काठ खात चाललेला.

यंदा काठ मी वाचवणार होते! बढाई नाही, खरंच. विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेतल्या ललिता मॅडमनी माझ्याकडून बिनरेतीचं काँक्रीट करून घेतलं होतं. नुसती गिट्टी, सिमेंट आणि बेताचं पाणी. खड्यांमध्ये जागा राहते, वरून तांब्याभर पाणी ओतलं की खालून धो धो! अमरावतीला स्टेजवर माइक हातात मिळाला आणि तेव्हापासून माझं तोंड काही बंद झालं नाही. बाबांना मीच पटवलं. शेजारच्या नत्थुजींची पक्की भिंत मागच्या साली उलटली, कारण जमिनीत मुरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच नव्हती. आपण उतारावर असा छिद्रांचा थर टाकू. माती अडेल, पाणी गळून जाईल, फटींतून गवतही येईल.

"पोट्टी तं इंजिनेर झाली!" सूर्यभानकाका हसले. ते आमच्या गावचे मिस्त्री. एप्रिलमध्ये त्यांनी थर टाकला, गिट्टी-सिमेंटचं माप मी उभं राहून सांगितलं. मग सुट्टीतल्या क्लाससाठी मी अमरावतीला, राजापेठेत मावशीकडे गेले.

परत आले तर थर आरशासारखा गुळगुळीत. काकांनी वरून पातळ सिमेंट फिरवून थापीनं घोटाई केली होती. खडबडीत काम त्यांच्या लेखी अर्धवट काम.

"तुह्यं नाव झालं पायजे म्हणून केली, तारे. पैसा नाई घेतला. कशी चमकते, पाय!"

गाव बघायला जमलं होतं. आई सगळ्यांना चहा देत होती. मला त्याच क्षणी समजलं, छिद्रं बुजली.

मी म्हणाले, "मस्त!"

आणि आता तोच थर मधोमध फुगला होता. थराच्या एका टोकाला, झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर, जमिनीत भेग पडली होती. बाबा खालून बांबूचे टेकू लावत होते. पाण्यानं त्यांचे डोळे उघडत नव्हते.

"बाबा, टेकूनं नाई होत! पाणी आतमंदी तुंबलं. वरची घोटाई फोडा लागते."

"काहून?"

"तिनं छिद्रं बंद झाली."

बाबा थांबले. "तुले कधीपासून मालूम?"

"उन्हाळ्यापासून."

ते परत टेकूकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी काकांच्या घरी पळाले, चिखलात दोनदा पडले. घोटाई फोडायची म्हटल्यावर काका बघतच राहिले.

"माह्या हातानं माहं काम फोडू?"

"काका, चूक माही आहे. मी सांगतलं नाई."

"मंग त्या दिवशी मस्त काहून म्हणली व?"

काकांनी छन्नी-हातोड्याची पिशवी उचलली.

फाटकाच्या खांबाला दोर बांधून काका आणि मी उतारावर लटकलो. खाली नाला गढूळ, गुरगुरत. पहिली खपली उडाली आणि आतून पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर! दुसरी. तिसरी. चाळणीसारखं पाणी गळू लागलं.

"चाललं, काका! चाललं!"

"बोलू नको, मार!"

माझ्या हातांचे फोड फुटले. मधला भाग मोकळा झाला. पण झाडासमोरचा भाग अजून गुळगुळीतच होता आणि आम्ही तिकडे सरकत होतो, तेव्हा वरून आई किंचाळली. काठावर आलेल्या बाबांनी दोर खेचून आम्हाला वर घेतलं. तो अख्खा तुकडा पाटासारखा घसरला, त्यामागे माती, आणि मायझाड हळूच, जणू खाली बसतंय असं, नाल्याकडे आडवं झालं. मुळं तुटताना कडकड आवाज येत होता.

आम्ही फोडलेला भाग तसाच उभा राहिला. मी दोन महिने आधी बोलले असते तर सगळाच राहिला असता.

बाबा चाकू घेऊन फांद्यांवर चढले.

"संघपाल, उतर! वाहून जाशील!" काका ओरडत होते.

बाबा डोळ्यांच्या काड्या कापून वर फेकत राहिले, आई ओल्या गोणपाटात गोळा करत राहिली. पाण्यानं बुंधा उचलला तेव्हा काकांनी आणि मी त्यांना ओढून काढलं.

नर्सरीतल्या टिनाच्या छपराखाली बसलो. बाबांनी जंबेरीची रोपं पुढे ओढली.

"झडीत भरलेले डोळे सडतात," ते म्हणाले. "शंभरातले किती जगतीन, सांगता येत नाई." आणि एक चाकू माझ्यासमोर धरला. "भर."

काका रोपं धरून बसले. मी सालीत चीर दिली, डोळा सरकवला, पट्टी गुंडाळली.

बाबांनी पट्टी सोडली. डोळा उलटा बसला होता. त्यांनी तो टाकून दिला आणि नवीन काडी माझ्या हातात ठेवली.