मिठाचं पोतं

चार गाई होत्या तेव्हा मारुतीरावांकडं तीन-चार वर्षांत एखादी मरायची. तिला मळ्याच्या कडंला पुरायचं, हळदीकुंकू वाहायचं आणि अंगावर पोतंभर मीठ पसरायचं, ही घरची रीत. आता कोगनोळीच्या त्यांच्या गोठ्यात दीडशे गाई आहेत. धंदा वाढला तशी मरणंही वाढली. महिना सरत नाही तोवर एखादी जातेच.

आजची गाय खड्ड्यात उतरवून जेसीबी बाजूला झाला, तसं मारुतीरावांनी मिठाचं पोतं खांद्यावर घेतलं. शहरात टिळकवाडीत असलेली नोकरी सोडून धंद्यात उतरलेली त्यांची लेक सौम्या आडवी आली. तिच्या हातात माती तपासणीचा कागद होता.

"आप्पा, मीठ नको. या कडंला क्षार लई वाढल्यात. मका पिवळा का पडतोय ते आता कळलं."

"म्हंजे मीच घालवली व्हय गं जमीन?"

"व्हय."

त्यांनी पोतं खाली ठेवलं. गाईवर नुसतं हळदीकुंकू पडलं, मग माती पडली. त्यांना रडू आलं नाही, रागही आला नाही. पोतं घेऊन ते गोठ्याकडं परतले. पोत्याचा एक कोपरा उसवला होता आणि तळहाताला मीठ चिकटलं होतं. कडेच्या गाईनं मान लांबवून तो तळहात चाटायला घेतला. तिची खरखरीत जीभ फिरत राहिली, पण त्यांना काहीच जाणवत नव्हतं. मीठ केव्हाच संपलं, तरी त्यांनी हात मागं घेतला नाही.