कुंकवाचं बोट

रत्नमालाबाईंच्या आयुष्यात शाई दोनदा आली. पहिल्यांदा वैजापूरच्या शाळेत, पुडीतली निळी भुकटी पाण्यात कालवून दौत भरायची तेव्हा. आणि दुसऱ्यांदा सत्तरी ओलांडल्यावर, सिडकोतल्या घरी, सुनेच्या टेबलावर.

सून मोनिका हातानं शुभेच्छापत्रं बनवायची. दोन वर्षं ओळखीपाळखीत वाढदिवसाची कार्डं देऊन झाली, आणि या दिवाळीला चितेगावच्या एका कारखान्यातून चाळीस कार्डांची मागणी आली. तिची पहिली मोठी मागणी. एकटीच्यानं उरकेना, म्हणून तिनं सासूबाईंना हाताशी घेतलं.

ही शाई दौतीतली नव्हती. डबीतल्या ओलसर गादीवर गोल ब्रश टेकवायचा, आणि कागदाच्या बाहेरून फिरवत फिरवत आत यायचं. खाली पिवळा, मध्ये केशरी, वर जांभळा. केशरी मध्ये घातला नाही आणि जांभळा थेट पिवळ्यावर नेला, तर सगळं मातकट. हे मोनिकानं तीनदा सांगितलं, तरी पहिली आठ कार्डं रत्नमालाबाईंनी मातीच्या रंगाचीच केली.

"आई, दाबताय तुम्ही. तवा नाही घासायचा."

"मग काय करू, गोंजारू व्हय?"

"हो, गोंजारा."

चौथ्या दिवशी मनगट आपसूक वळलं. लहानपणी आईबरोबर अंगण सारवताना आई बजावायची, हात उचलू नको, जोड दिसतो. पहिला पट्टा ओला आहे तोवरच दुसरा त्याच्यावर चढवायचा. रत्नमालाबाईंनी तसाच ब्रश फिरवला आणि पिवळ्यातून केशरी, केशरीतून जांभळा असा निघाला, की कुठला रंग कुठं संपला ते सांगता येईना. मोनिकानं ते कार्ड खिडकीशी नेऊन पाहिलं. त्या दिवसापासून रंगाचं काम सासूबाईंकडं आलं.

"एवढं एक सांभाळा," मोनिका म्हणाली. "ओला हात लावायचा नाही. या शाईला पाणी लागलं, की रंग मागं सरतो."

"एवढी येडी नाय मी."

आणि खरंच, चाळीसही कागद रंगवून होईपर्यंत त्यांनी पदराला हात पुसल्याशिवाय एकाला बोट लावलं नाही.

गुरुवारी दुपारी मोनिका पाकिटं आणायला गुलमंडीच्या बाजारात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कारखान्याचा माणूस येणार होता. रंगवलेले कागद टेबलावर ओळीनं मांडलेले. तेवढ्यात शेजारच्या चंपाबाई विरजण मागायला आल्या आणि टेबलापाशीच थांबल्या.

"रत्नाबाई, हे तुम्ही केलं?"

"मग काय तुमी केलं?"

"लई झ्याक. पण पहिली बोहणी सुनेची, आन् अशीच कोरडी धाडता? पत्रिकेला सुदीक हळदीकुंकू लावतो आपण."

चंपाबाई विरजण घेऊन गेल्या. बोलणं मात्र मागं राहिलं. घरातल्या प्रत्येक लग्नात पत्रिका आल्या, की गठ्ठा पुढं घेऊन चारी कोपऱ्यांना बोटं लावायचं काम रत्नमालाबाईंचंच असे. हात बसलेला. त्यांनी वाटीत कुंकू कालवलं, दुसऱ्या वाटीत हळद, आणि देवाचं नाव घेऊन चाळीस कागदांचे एकशे साठ कोपरे अर्ध्या तासात पुरे केले. कुंकवाचं बोट म्हणजे ओला हात, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

हात धुऊन परत आल्या तेव्हा पहिल्या ओळीतले कोपरे बदलले होते. प्रत्येक ठिपक्याभोवती रंग उडून फिकट कडं पडलं होतं, आणि त्यातून कुंकवाचं पाणी आत सरकत होतं. त्यांनी एका कागदाला रुमाल लावून पाहिला. डाग आणखी पसरला.

त्या खुर्चीत बसल्या. क्षणभर मनात आलं, गठ्ठा करून डब्यात भरावं, वर झाकण लावावं. लगेच दुसरी आठवण आली. भावाच्या परीक्षेच्या चित्रावर दौत सांडली होती, आणि त्यांनी ते चित्र गव्हाच्या कणगीमागं दडवलं होतं. सांडल्याचं तो आठवड्यात विसरला. दडवल्याचं म्हातारपणापर्यंत काढत राहिला.

त्यांनी फोन लावला.

"मोनिका, घात केला गं मी. कार्डांना हळदीकुंकू लावलं."

गुलमंडीच्या गर्दीतून मोनिकाचा आवाज चढला.

"ओलं?"

"व्हय."

"किती कार्डांना?"

"समद्या."

"कशालाही हात लावू नका. पंखा लावून ठेवा. आले मी."

पाऊण तास रत्नमालाबाई दाराकडं बघत बसल्या. सुनेची पहिली मोठी मागणी, आणि ती आपल्या बोटांनी बुडाली. रागावली तर रागावू दे, त्या स्वतःशी म्हणाल्या. पण आता परत ब्रश हातात द्यायची नाही, हे मात्र त्यांना सोसवेना.

मोनिका आली. पिशवी खाली ठेवली, एकेक कागद उचलून पाहिला. मग पट्टी घेऊन कोपऱ्यातला डाग मोजला, आणि भिंतीला टेकून सुटल्यासारखी बसली.

"आई, हे कागद जाड कार्डांवर चिकटवायचे अजून राहिलेत. चिकटवले असते तर संपलं होतं."

"मंग?"

"चारी बाजूंनी अर्धा इंच कापू. डाग जाईल. कड पांढरी जरा रुंद दिसेल, दिसू दे."

"रंग नाय जायचा?"

"मधला कुठं बिघडलाय?"

रत्नमालाबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं तशी त्यांना एकदम तहान लागली. त्या उठून तांब्याभर पाणी प्यायल्या, टेबलापासून चार हात लांब उभं राहून.

मोनिका कापत गेली. एकतीस निभावले. नऊ कागदांवर कुंकू अर्ध्या इंचाच्याही पुढं शिरलं होतं. ते तिनं बाजूला काढले, नऊ कोरे कागद पुढं ठेवले, वर ब्रश ठेवला.

"हे नऊ तुम्ही करा."

"मी? तूच कर बाई. माझ्या हातानं परत बिघडायचं."

"नाही बिघडत. मी केलं की जोड दिसतो. आपल्याकडं तेवढा वेळ नाही."

पहिल्या कागदावर पिवळा जरा जास्त आला. दुसऱ्यापासून मनगट सैल पडलं. दिवेलागणीच्या आत नऊही झाले, आणि सोमनाथ कामावरून आला तेव्हा त्याची आई टेबलावर वाकली होती आणि बायको कार्डांवर कागदी पणत्या चिकटवत होती. चहा त्यालाच करावा लागला.

सकाळी माणूस आला. त्यानं डब्यातलं वरचं कार्ड उघडलं, मिटलं, "पांढरी कड छान दिली" म्हणाला आणि डबा काखेत मारून गेला. दार लागेपर्यंत दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही. मग मोनिकाला हसू आवरेना.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "हळदीकुंकू डब्याला लावा. बाहेरून."

"पुढच्या येळी कोणते रंग हैत?" रत्नमालाबाईंनी विचारलं, आणि काल दुपारपासून झाकून ठेवलेली भाकरी घेऊन जेवायला बसल्या.