पाचव्या मजल्यावरून सोडलेला चेंडू

माझी मेहुणी उंच इमारतींना बाहेरून रंग देते. दोराला बांधलेल्या फळीवर बसून दिवसभर लोकांच्या खिडक्यांत डोकावते, म्हणून सगळे तिला पारवी म्हणतात. तिला टोळीची मुकादम व्हायचं होतं. त्यासाठी तोंडी परीक्षा, आणि परीक्षेत एकच गणित: उंचावरून वस्तू सोडली तर खाली यायला किती वेळ? या गणिताने तिला दोनदा आपटलं होतं. तिसरी खेप शेवटची. ती हुकली की जन्मभर फळीच.

शिकवायला मी. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, तेव्हा वर-खाली या विषयात माझ्याएवढा अधिकार कुणाचा?

"पारवे, सेकंदांचा वर्ग करायचा, पाचाने गुणायचं. तेवढे मीटर वस्तू पडते. दोन सेकंदांत वीस, चारात ऐंशी."

"पाठ आहे हो, भावजी. पण मला प्रश्न असा पडतो..."

"प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, तुझी ताई माझ्या प्रेमात पडली. त्याला सूत्र लागत नाही."

"ताई पडली नाही, तिला ढकललं."

मी विषय बदलला. स्वानुभवातलं उदाहरण घातलं. "एकदा शंभर मीटर उंच गच्चीवरून माझा पाना निसटला. मी जिन्याने धावत उतरलो आणि जमिनीला टेकायच्या आत झेलला."

तिने पेन्सिल चावली. "साडेचार सेकंद. पंचवीस मजले. म्हणजे सेकंदाला साडेपाच मजले. जिन्याने आलात की पान्यावर बसून?"

"वाटेत चपलेचा अंगठा तुटला, नाहीतर आधीच पोचलो असतो."

गणित असं पक्कं, तरी बाई दोनदा नापास कशी? मला काही उलगडेना.

परीक्षेच्या दिवशी दार उघडंच होतं. मी बाहेरच्या बाकावर, एक कान आत ठेवून. परीक्षक खिशाला तीन पेनं लावलेले, किडकिडीत.

"शंभर मीटर उंच इमारत, मजला चार मीटरचा. पाचव्या मजल्याच्या फरशीपासून चेंडू सोडला. जमिनीवर कधी?"

"चार सेकंद."

"दोन."

"चार!"

"अहो बाई, पाच चोक वीस. वीस मीटरला दोन सेकंद."

"ते वीस वरून गेले ना साहेब! खाली उरले ऐंशी."

परीक्षकांनी चष्मा काढला. "वरून कसे?"

"मग काय खालून? गच्चीखालचा तो पहिला. त्याखालचा दुसरा. खालून रंगवत गेलं तर वरचे ओघळ ताज्या रंगावर येतील, आणि मालक आमचाच रंग उतरवील."

मी कपाळावर हात मारला. इतका जोरात, की शेजारच्या खोलीतली परीक्षा तास संपला समजून सुटली.

"काढून दाखवा," परीक्षक म्हणाले.

पारवीने खडू घेतला आणि फळ्याच्या पार वरच्या कडेपासून मजले काढायला घेतले. नवव्याला फळा संपला. ती भिंतीवर उतरली, तिथून फरशीवर. परीक्षकांनी खुर्ची सरकवली, मग टेबल, शेवटी गुडघे टेकून पट्टीचं दुसरं टोक स्वतःच धरलं.

"आणि तळमजला?"

"पंचविसावा. तो दाराबाहेर गेलाय."

मी पाय वर घेतले.

"बाई," परीक्षक फरशीवरूनच म्हणाले, "रस्त्यावरचा माणूस मजले खालून मोजतो. तुम्ही वरून ओरडलात, 'पाचव्यावरून डबा सुटला!' तो बिचारा कुठे बघेल?"

पारवी गप्प झाली. तिच्या ताईच्या मते ही जन्मापासूनची पहिलीच वेळ. मग बोटांवर पुटपुटत ती फरशीवरच्या एका चौकोनात जाऊन उभी राहिली. "तुमचा पाचवा तो आमचा विसावा. वीस मीटर. दोन सेकंद."

"बरोबर!"

"पण साहेब, मी मजला ओरडणारच नाही. 'पळ!' एवढंच. दोन सेकंदांत मजले मोजत कोण उभं राहणार?"

परीक्षकांनी तिथेच, मांडीवर कागद ठेवून शिक्का मारला.

"भावजी, मुकादम!" असं किंचाळत पारवीने उडी मारली. मी घड्याळ लावलं होतं, खोटं कशाला सांगू? ती खाली आली तेव्हा परीक्षक जेवून परत आले होते.